पाटावरचा हत्ती आणि मुलांची गाणी

हस्त नक्षत्र लागले, की मुली पाटावर हत्ती काढून फेर धरतात, भोंडल्याची गाणी म्हणतात. कुठे त्याला हादगा म्हणतात. चित्र आणि गाणे यांची ही जोडी आपल्या घरचीच आहे. मायबहिणींनो, यंदा तीत थोडी भर घाला.

हत्ती मुलांनाच काढू द्या, मुलग्यांनाही बसवा. खडूने आकार काढून त्यात तांदूळ, तूरडाळ, मूग भरावेत; डोळ्याला उडदाचा दाणा. मग विचारा, "हा हत्ती आपल्या शेतात आला तर काय करील?" मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. यमक जुळले नाही तरी दुरुस्त करू नका. दोन ओळी झाल्या, की जुन्या चालीवर फेरात म्हणा.

अक्षरओळख नसलेल्या लहानग्यालाही हे जमते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. टिपली नसती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

फेर संपल्यावर दाणे चिमण्यांना घाला. वही मात्र जपून ठेवा.