पट्टा धरणाऱ्या हातांची परीक्षा

रिंगमधला न्याय : लेखांक ६

जातिवंत कुत्र्यांच्या मुख्य स्पर्धेत परीक्षक काय पाहतो, हे मागच्या लेखांकात आपण समजून घेतलं. समोरचा कुत्रा त्याच्या जातीच्या लिखित मानकाच्या किती जवळ जातो, एवढाच तिथला प्रश्न. डोक्याची घडण, पाठीची रेषा, खांद्याचा कोन, चाल या सगळ्याला किंमत. पट्टा धरून उभ्या असलेल्या माणसाला शून्य. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये काझ होसाका या हँडलरने हाताळलेली मिनिएचर पूडल २००२ साली सर्वोत्तम ठरली आणि २०२४ साली त्याच जातीच्या दुसऱ्या कुत्रीने तोच मान मिळवला. दोन्ही वेळा हात एकाच माणसाचे होते, पण निकालपत्रात विजय नोंदला गेला तो कुत्रीच्या नावावर.

या आठवड्यात ज्या रिंगकडे वळायचं आहे, तिथे मात्र गुण मिळतात ते या हातांनाच. हँडलिंगच्या स्पर्धेत कुत्रा कसा आहे हे पाहत नाहीत, तो कसा दाखवला जातो हे पाहतात. अमेरिकन केनल क्लबच्या एका नियमातून हा फरक नेमका कळतो. मुख्य स्पर्धा प्रजननासाठी चांगले कुत्रे निवडण्याकरिता असते, त्यामुळे नसबंदी झालेल्या कुत्र्याला तिथे साधारणपणे प्रवेश नसतो. मुलांच्या हँडलिंग स्पर्धेत तोच कुत्रा चालतो. अट आहे ती मालकीची: कुत्रा त्या मुलाचा, त्याच्या कुटुंबातल्या किंवा घरातल्या कुणाचा तरी असायला हवा. शोच्या दिवसापुरता कुणाचा तरी नावाजलेला चॅम्पियन मागून आणायचा आणि त्याच्या पुण्याईवर बक्षीस न्यायचं, ही वाट त्यामुळे बंद होते.

या स्पर्धेची सुरुवातही अमेरिकेतलीच. लेनर्ड ब्रंबी (थोरले) या व्यावसायिक हँडलरच्या कल्पनेतून १९३२ साली लाँग आयलंडवरच्या वेस्टबरी इथल्या शोमध्ये मुलांसाठी पहिला वर्ग भरला. पुढे वेस्टमिन्स्टरनेही तो सुरू केला. १९५१ साली ‘चिल्ड्रन्स हँडलिंग’ हे नाव बदलून ‘ज्युनिअर शोमनशिप’ झालं आणि १९७१ साली अमेरिकन केनल क्लबने स्पर्धेला अधिकृत मान्यता दिली. आज तिथे ९ वर्षं पूर्ण झालेली आणि १८ वर्षांखालची मुलं उतरतात. नवख्यांचा वर्ग वेगळा असतो. त्यात तीनदा पहिला क्रमांक मिळाला, की पुढच्या वर्गात जावं लागतं. ब्रिटनमध्ये १९८५ साली केनल क्लबने मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. ‘यंग केनल क्लब’ या नावाने ती आज ६ ते २४ वर्षांच्या सदस्यांसाठी काम करते. मोठ्यांच्या हँडलिंग स्पर्धा मात्र बहुतेक ठिकाणी त्या त्या क्लबच्या उत्साहावर चालतात, म्हणून त्यांचे नियमही जागोजागी बदलतात.

आता मुख्य प्रश्न. दहा-बारा मुलं, दहा-बारा जातींचे कुत्रे. परीक्षक तुलना करतो ती कशाच्या आधारावर?

अमेरिकन नियमावली चार गोष्टी पाहायला सांगते: जातीनुसार योग्य सादरीकरण, हातातल्या त्या विशिष्ट कुत्र्याला दाखवण्याचं कसब, रिंगमधल्या कार्यपद्धतीचं ज्ञान आणि हँडलरचा पेहराव व वर्तन. कागदावर ही चार कलमं कोरडी वाटतात. रिंगमध्ये ती कशी दिसतात ते पाहू.

पहिली परीक्षा उभं करण्याची. शोच्या भाषेत याला स्टॅकिंग म्हणतात. बहुतेक जातींत पुढचे पाय सरळ खाली आणि मागचे पाय घोट्यापासून जमिनीशी काटकोनात ठेवतात. पण जर्मन शेफर्डचा एक मागचा पाय पोटाखाली पुढे घेतलेला असतो. बीगलचं शेपूट हँडलर वर धरून दाखवतो. पग किंवा डॅशहाउंड टेबलावर तपासला जातो, ग्रेट डेन जमिनीवर. चाऊ चाऊचं तोंड उघडताना निळी-काळी जीभ दिसली पाहिजे. डोबरमनच्या जातीमानकात ४२ दातांची मोजणी आहे आणि चार किंवा अधिक दात नसतील तर कुत्रा बाद होतो. म्हणून त्याच्या हँडलरने नुसते पुढचे दात दाखवून भागत नाही, दोन्ही बाजूंच्या दाढाही दाखवाव्या लागतात. आपली जात नीट अभ्यासलेलं मूल हे सगळं परीक्षकाने सांगण्याआधी करतं. पहिलं कलम तिथेच तपासून होतं.

दुसरी परीक्षा चालीची. परीक्षक त्रिकोणात पळायला सांगतो तेव्हा त्यामागे हिशेब असतो. कुत्रा लांब जाताना मागचे पाय दिसतात, आडवा जाताना पावलाची झेप दिसते, परत येताना पुढचे पाय दिसतात. हँडलर सरळ रेषेत धावला नाही, तर यातलं काहीच नीट दिसत नाही. जाणता हँडलर समोरच्या कडेला एक खूण हेरतो आणि तिच्याच रोखाने जातो. वेग कुत्र्याला साजेसा हवा. पेकिनीजची चाल संथ आणि किंचित डुलती असते. त्याला पळवणारा हँडलर जातच ओळखत नाही, असं समजायचं. बहुतेक कुत्रे दुडक्या चालीत दाखवायचे असतात, म्हणजे समोरासमोरच्या कोनातले पाय जोडीने पडतात. कधी कुत्रा आळसावतो आणि एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो. अशा वेळी माझी नजर हँडलरवर असते. त्याला हे कळलं का? कळल्यावर त्याने वेग बदलून किंवा छोटं वळण घेऊन चाल दुरुस्त केली का? कुत्र्याची चाल बिघडणं हा दोष धरायचा नाही. ती बिघडली आहे हे हँडलरच्या लक्षातच न येणं, हा दोष.

याच वेळी एक जुना दंडकही तपासला जातो: परीक्षक आणि कुत्रा यांच्या मध्ये हँडलरने येऊ नये. इंग्रजी एल आकारात पळून त्याच वाटेने परतायचं असेल, तर पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावा लागतो. सराव असलेली मुलं हे इतक्या सहज करतात, की पाहणाऱ्याला हात बदलल्याचं कळतही नाही.

हे न कळणं हाच या कलेचा गाभा आहे, असं मला ठामपणे वाटतं. चांगल्या तबलजीप्रमाणे हँडलरने मुख्य गायकाला सतत साथ द्यावी, पण मैफल स्वतःकडे ओढू नये. वारंवार गुडघे टेकणं, सारखं परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून हसणं, पाय जागेवर असतानाही पुन्हा उचलून ठेवणं, हे सगळं आपण काही करतो आहोत हे दाखवण्यासाठी असतं. अमेरिकन मार्गदर्शनातही अशा अतिरेकी हालचाली दोष मानल्या आहेत. ज्याच्याकडे पाहता पाहता आपली नजर आपोआप कुत्र्यावर जाऊन स्थिरावते, तो हँडलर जिंकायला हवा.

मुलं आणि मोठी माणसं यांना एकच मापदंड लावावा का? कसब मोजताना, हो. चुकांकडे पाहताना, नाही. मुलांच्या चुका अननुभवातून होतात: सूचना अर्धी ऐकणं, घाईत चुकीच्या दिशेला वळणं, खाऊ काढायच्या नादात पट्टा सुटणं. मोठ्यांच्या चुका सवयीतून येतात आणि त्या अधिक गंभीर असतात. पट्टा इतका ताणून वर धरायचा की कुत्र्याचे पुढचे पाय जेमतेम टेकावेत. पुढच्या कुत्र्याच्या अंगावर आपला कुत्रा नेऊन त्याची लय मोडायची. कलेजीचा तुकडा असा फेकायचा की शेजारच्या कुत्र्याचं लक्ष उडावं. परीक्षकाला शेजारचा स्पर्धक दिसू नये अशा बेताने उभं राहायचं. बारा वर्षांच्या मुलाला हे एकदा समजावून सांगता येतं. चाळिशीतल्या हँडलरला ते ठाऊक असतं. म्हणून प्रौढांच्या वर्गात असं वर्तन दिसलं, तर बाकी कसब कितीही असो, त्याला क्रमांकातून वगळावं.

परीक्षकाचीही काही कर्तव्यं आहेत. प्रत्येकाला तोच आकार पळायला सांगायचा, प्रत्येकाला साधारण तेवढाच वेळ द्यायचा, सूचना स्पष्ट आणि एकाच शब्दांत द्यायच्या. काही देशांत स्पर्धकांना आपसांत कुत्रे बदलायला लावून कसब तपासतात. अमेरिकन नियमांना ते मंजूर नाही. मला हा नियम पटतो. अनोळखी हातात गेलेला कुत्रा बिथरला तर त्रास कुत्र्याला होतो आणि शिक्षा मुलाला. कुत्र्याचं मोल, त्याच्या वंशावळीतली नावं, मुलाचे आई-वडील कोण, हे सगळं रिंगच्या दोरीबाहेर ठेवावं लागतं. ओळखीच्या ब्रीडरचा मुलगा आणि पहिल्यांदाच आलेली, साध्या कपड्यांतली मुलगी शेजारी उभी असतात, तेव्हा परीक्षकाच्या सचोटीची खरी कसोटी लागते.

आपल्याकडे चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न क्लब देशभर शो भरवतात आणि त्यांपैकी काहींत मुलांच्या हँडलिंगलाही जागा मिळते. महाराष्ट्रातल्या मुलांसमोर इथे एक सुंदर आव्हान आहे, ते म्हणजे आपला कारवान हाउंड. हा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा अनोळखी हाताला सहजी सरावत नाही. त्याला दाबून, ओढून, धरून उभं केलं तर तो अंग चोरतो. त्याच्याशी रोज थोडा वेळ काम करणारं, परक्या माणसाच्या स्पर्शाची त्याला हळूहळू सवय लावणारं मूल त्याला सैल पट्ट्यावर, मान उंच ठेवून उभं करू शकतं. माझ्या मते हे कसब शिकवलेल्या गोल्डन रिट्रीव्हरला दाखवण्यापेक्षा वरचं आहे आणि परीक्षकाने ते तसंच तोललं पाहिजे.

शेवटी एक गोष्ट, जी गुणपत्रिकेत स्वतंत्र रकाना म्हणून नसते, पण मी सर्वांत वर ठेवतो. कुत्रा चुकला, बसकण मारली, टेबलावर थरथरला, तर हँडलर त्याच्याशी कसं वागतो? ज्या हाताने पट्ट्याला रागाने हिसका दिला, त्याला मी पहिला क्रमांक देणार नाही. थांबून, कुत्र्याला धीर देऊन, पुन्हा शांतपणे सुरुवात करणाऱ्याला मी गुण देईन, त्याचा त्रिकोण वाकडा झाला असला तरी.

पालकांना माझी विनंती आहे. मूल रिंगमधून बाहेर आलं, की ‘कितवा आलास?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. आधी कुत्र्याला पाणी पाजायला सांगा, मग आज कुठे अडलं ते विचारा, आणि जमलं तर परीक्षकाला गाठून त्याचं मत ऐका. चांगला परीक्षक निकालानंतर पाच मिनिटं मुलांसाठी राखून ठेवतो. ती पाच मिनिटं मागून घेण्याचा हक्क प्रत्येक स्पर्धकाला आहे.

(पुढील लेखांकात : परीक्षक कसा घडतो?)