स्वस्त विमानाचा महागडा उशीर

वर्धेहून दक्षिण चीनला निघायचे तर आधी सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवरचा नागपूर विमानतळ गाठायचा. तिथून ग्वांगझोऊला थेट विमान नाही. वाटेत विमान बदलावेच लागते. २०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट सेवा २६ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडिगोच्या कोलकाता-ग्वांगझोऊ विमानाने पुन्हा सुरू झाली. पुढच्या महिन्यात दिल्लीहूनही विमान निघू लागले. ग्वांगझोऊच्या कॅन्टन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला जाणारे व्यापारी आणि तिकडे डॉक्टरकी शिकणारी मुले यांची सोय झाली. पण डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात याच कंपनीची देशातली घडी विस्कटली. वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम लागू झाले होते आणि त्या हिशेबाने माणसे कमी पडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली.

स्वस्त विमानसेवेचे गणितच असे आहे की तिच्यात सैल जागा नसते. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारते, दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा तास थांबते. सकाळी बंगळुरूत झालेला उशीर संध्याकाळी नागपुरात येऊन पोहोचतो. म्हणून नागपूरहून दिवसातले पहिले विमान घेणे शहाणपणाचे.

खरा धोका तिकिटाच्या रचनेत असतो. नागपूर ते ग्वांगझोऊ प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. पैसे वाचवायला दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढली, तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘नो-शो’ ठरवते आणि पैसे बुडतात. सामानही मधल्या विमानतळावर स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते. तो विमानतळ परदेशातला असेल, तर त्यासाठी त्या देशात प्रवेशाची परवानगी हवी.

कोलकात्याहून जाणाऱ्यांना रेल्वेचा पर्याय आहे. वर्ध्याला थांबणारी गीतांजली एक्स्प्रेस बाराशे किलोमीटरवरच्या हावड्याला दुसऱ्या दिवशी पोहोचवते. मात्र गाडीलाही उशीर होतोच. विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचेल अशीच धरावी.

आता हक्कांचे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान रद्द झाले, तर दुसरे विमान घ्यायचे की पूर्ण पैसे परत, हे प्रवाशाने ठरवायचे. वेळेत कळवले नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. पण मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून त्याहून कमी होत असतील, तर तेवढेच. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेलची सोय मागता येते. घाईने ॲपवर स्वतःच तिकीट रद्द करू नका. कंपनीने रद्द करेपर्यंत थांबा. विमा असेल, तर उशिराचे लेखी पत्र काउंटरवरूनच घ्या.

वादळासारख्या कारणाला मात्र भरपाई नाही. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर साधारण जून ते ऑक्टोबर हा टायफूनचा हंगाम असतो. सप्टेंबर २०२५ मधल्या रगासा वादळाने हाँगकाँगची प्रवासी विमाने सुमारे दीड दिवस जवळपास ठप्प केली होती. कॅन्टन फेअरचा शरद हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्याचा प्रत्येक टप्पा पाचच दिवसांचा असतो. उद्घाटनाच्या सकाळी उतरायचा बेत केला आणि विमान एक दिवस रखडले, तर मालाच्या पाहणीचा वीस टक्के वेळ गेलाच.

परतीच्या वाटेवर अडकलात, तर अडचण वेगळी. चीनमध्ये तिथल्या साध्या इंटरनेटवर व्हॉट्सॲप आणि जीमेल चालत नाहीत. विमान रद्द झाल्याचा निरोप नेमका त्यांवरच येतो. भारतीय सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले, तर ही दोन्ही ॲप चालू राहतात. पैसे देण्याच्या अलिपेसारख्या सोयीची आधीच चौकशी करून ठेवावी. व्हिसाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाचे परतीचे तिकीट कधीही काढू नये. मुदत उलटल्यास दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड होऊ शकतो. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या सात दिवस आधी करावा, असा तिथला कायदा सांगतो. ऐन वेळी विमान रद्द झाले, तर लगेच स्थानिक पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात जावे.

तिकीट काढताना मुक्कामाचा एक जादा दिवस, रोमिंग आणि विमा यांचा खर्च भाड्यात मिळवून बघा. एवढे धरूनही तिकीट कमी पैशांत पडत असेल, तरच ते स्वस्त.