विजेच्या ट्रॅक्टरावरील दिवे व त्यांचा पुरवठा

नव्या मुंबईसाठीं १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व ठाणें, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन संपादनाखालीं आली, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्यांपाशीं थोडीं भातखाचरें उरलीं आहेत, त्यांस एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातांना जवाहरलाल नेहरू बंदराच्या कंटेनरवाहू गाड्यांमधून ट्रॅक्टर न्यावा लागतो. कापणीच्या दिवसांत परततांना तिन्हीसांज होते. अशा वेळीं मागचा तांबडा दिवा बंद असणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

आतां विजेवर चालणारे ट्रॅक्टर येऊं लागले आहेत. सोनालिका कंपनीनें आपला विजेचा ट्रॅक्टर डिसेंबर २०२० मध्यें जाहीर केला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें २०२३ सालीं आपला पुढें आणिला. कांहीं हौशी लोक जुन्या लहान ट्रॅक्टरास मोटर व बॅटऱ्या बसवितात. या शेवटल्या प्रकारांतच दिव्यांचा प्रश्न अडतो. कारण दिवे व भोंगा १२ व्होल्टांचे, आणि बॅटऱ्यांची पेटी ४८ व्होल्टांची किंवा अधिक.

पनवेलनजीकच्या एका गांवीं आम्हीं असा ट्रॅक्टर पाहिला. १२ व्होल्टांच्या चार बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या होत्या. मालकानें दिव्यांच्या तारा त्यांतील एकीसच लाविल्या. आरंभीं दिवे झकास लागले. कांहीं महिन्यांनीं ट्रॅक्टर चढावर थांबूं लागला. मोजून पाहतां तीन बॅटऱ्या ठीक, चौथी मात्र निकामी.

कारण उघड आहे. दिवसभर नांगराला जुंपलेल्या चार बैलांपैकीं एकासच रात्रीं पुन्हां मोटेला लावावें, तसें हें झालें. मोटर चारींतून सारखा प्रवाह ओढते. दिवे चौथीतून जास्त ओढतात. भारित करतांना मात्र चारींस सारखाच प्रवाह मिळतो. म्हणून चौथी नेहमीं अपुरी राहते व इतर तिघी प्रमाणाबाहेर भरतात. लिथियमच्या पेटींत तर एक घट रिता होतांच संरक्षक यंत्रणा सगळी पेटी बंद करिते.

दुसरी चूक रोधक घालून व्होल्ट उतरविण्याची. ५५ वॉटांचे दोन पुढचे दिवे व इतर ४० वॉट मिळून १५० वॉट होतात. १२ व्होल्टांवर साडेबारा अँपिअर. ४८ व्होल्टांतून हे घेतल्यास रोधकांत ४५० वॉटांची नुसती उष्णता होते. चार पायल्यांतील तीन सांडून एक घरीं आणण्यासारखेंच हें! शिवाय एक दिवा गेला कीं दुसऱ्यावर व्होल्ट चढून तोही जळतो.

खरा उपाय डीसी-डीसी कन्व्हर्टर हा होय. तो संपूर्ण पेटीवरून वीज घेतो, म्हणून सर्व बॅटऱ्यांवर सारखा भार पडतो. शेंकडा ९० कार्यक्षमता धरली तर १५० वॉटांसाठीं ४८ व्होल्टांवर केवळ साडेतीन अँपिअर लागतात. चार तासांत पाऊण युनिटाहून कमी.

खरेदी व जोडणी करतांना पुढील गोष्टी पाहाव्या:

१. ४८ व्होल्टांची पेटी भारित होतांना सुमारें ५८ व्होल्टांपर्यंत चढते. तितकें सोसणारा कन्व्हर्टर घ्यावा. क्षमता गरजेच्या दुप्पट असावी.

२. आंतील व बाहेरील बाजू परस्परांपासून विलग असणारा प्रकार निवडावा. मग दिव्यांची ऋण तार सांगाड्यास जोडली तरी मुख्य पेटी सांगाड्यापासून अलग राहते.

३. पेटीजवळ फ्यूज अवश्य घालावा. मोटारगाडीचा साधा ३२ व्होल्टांचा फ्यूज तेथें चालत नाहीं. तो वितळला तरी ठिणगी विझेलच असें नाहीं.

४. कन्व्हर्टर मुख्य खटक्याच्या पुढें जोडावा. नाहींतर ट्रॅक्टर उभा असतांही तो थोडी थोडी वीज खातो.

५. त्याच्या पुढें १२ व्होल्टांची एक लहान बॅटरी ठेवावी. मुख्य पेटी अकस्मात् बंद पडली तरी रस्त्यावर मागचा दिवा जळत राहील.

६० व्होल्टांवरील एकदिश वीज धोक्याची मानितात. तशा पेटीस किंवा कंपनीच्या ट्रॅक्टरास स्वतः हात लावूं नये. जाणत्या कारागिराकडूनच काम करवावें. कन्व्हर्टराचा खर्च एकदांच होतो. अंधारांत रस्त्यावर गेलेला माणूस मात्र परत येत नाहीं.