ब्लॉगवर ‘मागील पोस्ट’ आणि ‘पुढील पोस्ट’च्या लिंक गरज असेल तेव्हाच कशा दाखवायच्या?

मोबाईलवर एखादी कथामालिका वाचताय, भाग ३ संपला, खाली ‘पुढील पोस्ट’वर टॅप केलं आणि उघडली मिसळीची रेसिपी! नाहीतर शेवटच्या भागाखाली नुसती रिकामी चौकट. असं एकदोनदा झालं की वाचक बॅक दाबून निघून जातो. तुमचा वर्डप्रेस ब्लॉग असेल आणि थीम पीएचपी फाइल्सवर चालणारी जुन्या पद्धतीची असेल, तर हे दुरुस्त करणं सोपं आहे.

वर्डप्रेस क्रम कसा ठरवतं?

तारखेवरून. उघडलेल्या पोस्टच्या लगेच आधी प्रकाशित झालेली ती ‘प्रीव्हियस’ आणि लगेच नंतरची ती ‘नेक्स्ट’. म्हणजे सगळ्यात पहिल्या पोस्टला मागील पोस्ट नसते आणि सगळ्यात नव्या पोस्टला पुढील नसते. अशा वेळी वर्डप्रेसचं लिंक छापणारं फंक्शन काहीच छापत नाही. मग रिकामी चौकट येते कुठून? लिंकभोवतीचा डिव्ह, बाण आणि ‘पुढील पोस्ट’ हे शीर्षक थीममध्ये वेगळं लिहिलेलं असतं. त्याला अट नसते, म्हणून ते छापलं जातंच.

अट कशी लावायची?

१. आधी चाइल्ड थीम बनवा. मूळ थीममध्ये बदल केलात तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाईल.

२. एका पोस्टचं पान दाखवणारी फाइल, म्हणजे बहुतेक वेळा ‘सिंगल डॉट पीएचपी’, चाइल्ड थीममध्ये कॉपी करा.

३. ‘गेट प्रीव्हियस पोस्ट’ आणि ‘गेट नेक्स्ट पोस्ट’ ही दोन फंक्शन्स वापरा (कोडमध्ये शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर येतो). ती काही छापत नाहीत, फक्त पोस्ट आहे की नाही ते सांगतात. त्यांची उत्तरं दोन व्हेरिएबलमध्ये ठेवा.

४. आता ‘इफ’ लावा. दोन्हीपैकी एक तरी असेल तरच बाहेरची चौकट. तिच्या आत मागील असेल तर मागीलचा डिव्ह, पुढील असेल तर पुढीलचा.

सीएसएसने लपवलं तर चालेल का? डोळ्यांना दिसणार नाही, पण तो भाग पानाच्या कोडमध्ये राहतोच. छापायचंच नाही, हा खरा उपाय.

आणि ती मिसळ?

फंक्शनला ‘त्याच कॅटेगरीतलीच पोस्ट दे’ असं सांगता येतं. ‘गेट’वाल्या फंक्शन्सना पहिला पॅरामीटर ‘ट्रू’ द्या आणि लिंक छापणाऱ्या फंक्शनला तिसरा. दोन्हीकडे द्यायला विसरू नका. फक्त लिंकला दिलात तर अट म्हणेल ‘पोस्ट आहे’, लिंक मात्र छापली जाणार नाही आणि रिकामी चौकट परत हजर! एक पोस्ट अनेक कॅटेगरींत असेल, तर त्यातल्या कुठल्याही कॅटेगरीतली पोस्ट पुढे येऊ शकते. म्हणून मालिकेच्या भागांना एकच कॅटेगरी ठेवा.

शेवटी लॉगआऊट करून तपासा, कारण लॉगइन असताना तुमच्या प्रायव्हेट पोस्टही या क्रमात धरल्या जातात. पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन पोस्ट मोबाईलवर उघडा. तिन्ही ठिकाणी बरोबर दिसलं, की वाचकाला भाग ३ नंतर भाग ४ च मिळणार!