दुर्गम स्थळांवरील स्वयंचलित नोंदयंत्रे : नोंदींचे संकलन आणि त्यांची विश्वसनीयता

प्रस्तावना :
पर्यावरणाच्या अभ्यासात अचूक मोजमापाइतकेच त्याची नोंद अभ्यासकापर्यंत अखंड पोहोचणेही महत्त्वाचे असते. पाऊस, तापमान, नदीची पातळी यांची मोजमापे आज डोंगरमाथ्यावर वा जंगलात मनुष्याच्या उपस्थितीशिवाय घेतली जातात. संवेदक राशी मोजतो. डेटा लॉगर म्हणजेच नोंदयंत्र ती वेळेसह स्मृतीत साठविते. प्रस्तुत लेखात या नोंदी मिळविण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

नोंदींच्या जाळ्याची गरज :
२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, कुलाबा येथे मात्र त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. एका केंद्रावरून परिसराचे अनुमान करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. अर्थात केंद्रांचे जाळे तेव्हाच उपयुक्त ठरते, जेव्हा प्रत्येक केंद्राची नोंद हाती येते.

संकलनाच्या पद्धती :
१) प्रत्यक्ष भेट : अभ्यासक ठरावीक काळाने केंद्रावर जाऊन नोंदी उतरवून घेतो. खर्च कमी, परंतु यंत्र मध्येच बंद पडल्यास ते पुढील भेटीपर्यंत कळत नाही.
२) मोबाइल जाळे : नोंदी मोडेमद्वारे पाठविल्या जातात. योग्य रचना असल्यास संपर्क तुटल्यावर नोंदी राखून ठेवून त्या नंतर पाठविता येतात.
३) उपग्रह : भारतीय हवामान विभागाची अनेक केंद्रे इन्सॅट मालिकेतील उपग्रहांमार्फत नेमून दिलेल्या वेळी संदेश पाठवितात. हे दळणवळण एकमार्गी असते. संदेश पोहोचला की नाही, हे केंद्राला कळत नाही.

खंडित नोंदींचा प्रश्न :
नोंदींतील खंड केवळ योगायोगाने पडतो असे नाही. सलग ढगाळ दिवसांत सौर तावदानावरील बॅटरी क्षीण होते, वादळात मोबाइल मनोऱ्याचा वीजपुरवठा तुटतो. म्हणजे ज्या दिवसाची नोंद सर्वाधिक मोलाची, तीच हरविण्याची शक्यता अधिक. असा दिवस तक्त्यात शून्य धरला गेल्यास मासिक बेरीज कमी भरते आणि त्यावर बेतलेल्या पुलाची वा गटाराची क्षमताही अपुरी ठरते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने अडकल्यास यंत्र सुरू असूनही शून्यच नोंदविते. म्हणून ‘पाऊस नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांसाठी तक्त्यात स्वतंत्र खुणा असाव्यात.

उपाययोजना :
दूरसंदेशन हे स्थानिक स्मृतीला पूरक असावे, पर्याय नव्हे. दर १५ मिनिटांनी घेतलेल्या नोंदी वर्षाला ३५,०४० होतात. प्रत्येक नोंदीस ४० बाइट लागतात असे धरले, तरी एकूण साठा दीड मेगाबाइटपेक्षा कमी भरतो. त्यामुळे स्मृतीचा खर्च ही अडचण उरत नाही. केंद्राला भेट देताना पुढील क्रम पाळावा : प्रथम यंत्राचे घड्याळ प्रमाणवेळेशी ताडून फरक लिहून ठेवावा, नंतर नोंदी उतरवाव्यात, उतरविलेली फाइल तेथेच उघडून पाहावी, दुसरी प्रत करावी आणि त्यानंतरच स्मृती रिकामी करावी. बॅटरीचा व्होल्टेजही प्रत्येक नोंदीसोबत साठविल्यास बिघाडाची पूर्वसूचना मिळते.

समारोप :
महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पांत संवेदकाच्या खरेदीस निधी मिळतो. भेटी, देखभाल आणि नोंदींची तपासणी यांची तरतूद मात्र दुर्लक्षित राहू शकते. प्रकल्प-आराखड्यातच ती करणे अगत्याचे आहे. हाती न आलेले मोजमाप संशोधनाच्या दृष्टीने घेतलेच गेले नाही, असे म्हणावे लागते.