पदार्पणाची सनद

कसोटी सामन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी, नाणेफेकीच्या आधी, खेळाडू मैदानात कडे करून उभे राहतात आणि एखादा जुनाजाणता क्रिकेटपटू चार शब्द बोलून नवख्याच्या हाती गडद निळी टोपी ठेवतो. विधी काही मिनिटांचाच. परंतु त्या टोपीबरोबर जो अनुक्रमांक त्या खेळाडूच्या नावे दप्तरी लागतो, तो पुढे त्याची कामगिरी कितीही उजळ वा फिकी ठरली तरी बदलत नाही की दुसऱ्यास मिळत नाही. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर उतरलेल्या पहिल्या भारतीय संघापासून हा अनुक्रम अखंड चालत आला आहे, आणि त्या संघाचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते ते कर्नल सी. के. नायडू नागपुरात जन्मलेले होते, ही गोष्ट विदर्भातील माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

पदार्पणाला असे सनदेचे मोल देणारा क्रिकेट हा एकटाच खेळ नव्हे. अमेरिकेत बेसबॉलच्या ‘मेजर लीग’मध्ये एक सामना जरी खेळला, तरी त्या माणसाचे नाव कायमचे नोंदले जाते, आणि त्या एका नोंदीसाठी शेकडो तरुण ‘मायनर लीग’च्या लहान शहरांतून बसचे प्रवास करीत आपली उमेदीची वर्षे वेचतात. आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाचा खेळाडू २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून सामना संपता संपता क्षेत्ररक्षणास उतरला, फलंदाजीची त्याची पाळी आलीच नाही, पुन्हा त्या दर्जाचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि पुढे मिनेसोटातील चिझम गावी डॉक्टर म्हणून त्याने आयुष्य काढले. तरीही नोंद आहे ती आहेच. आपल्या देशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकीतले दोन तरुण २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. मायनर लीगमध्ये ते खेळले, परंतु मेजर लीगची पायरी दोघांनाही चढता आली नाही. त्यांच्या धैर्याचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

नागपूर हे तर पदार्पणाचे क्षेत्रच म्हणावे लागेल. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर मार्च २००६ मध्ये वेस्ट इंडीजहून तातडीने बोलावून घेतलेल्या अॅलिस्टर कुकने पहिल्याच कसोटीत ६० आणि नाबाद १०४ धावा काढल्या, आणि त्याच सामन्यात माँटी पानेसरने आपला पहिला बळी म्हणून सचिन तेंडुलकरला बाद केले. असोसिएशनचे बिऱ्हाड जामठ्याला हलल्यावर तेथील पहिल्याच कसोटीत, नोव्हेंबर २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने एका डावात २१५ धावा देऊन ८ आणि सामन्यात एकूण १२ बळी घेतले. आणि इतके करूनही त्याच्या वाट्याला त्यानंतर अवघी एकच कसोटी आली. डिसेंबर २०१२ मध्ये जो रूट आणि रवींद्र जडेजा यांनी कसोटीच्या दुनियेत पहिले पाऊल टाकले तेही येथेच, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टॉड मर्फीने पहिल्याच डावात ७ बळी मिळवले तेही येथेच.

या सोहळ्यांना टाळ्या वाजविणारा विदर्भ स्वतः मात्र १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत असूनही आपल्या संघातून घडलेल्या कसोटीपटूची वाट पाहत दशकेच्या दशके बसून होता. ती प्रतीक्षा संपवली उमेश यादवने. खापरखेड्याजवळच्या वलनी येथील कोळसा खाणीत त्याचे वडील कामाला होते, आणि सैन्यात वा पोलिसांत नोकरी मिळावी म्हणून या मुलाने धडपड केली होती; ती मिळाली असती, तर एक वेगवान गोलंदाज आपण गमावला असता आणि त्याची कोणाला गंधवार्ताही लागली नसती. वयाची विशी गाठेपर्यंत त्याचा हात टेनिसच्या चेंडूवरच बसलेला होता. हा फरक वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमही भरत नाही, तर चामड्याचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो; टेनिसच्या चेंडूला उंच शिवण नसते, म्हणून तो टाकणाऱ्याला केवळ दंडाच्या जोरावर आणि थेट पायाशी आदळणाऱ्या यॉर्करवर गुजराण करावी लागते, आणि चामड्याचा चेंडू हाती आला की मनगट, शिवण आणि टप्पा यांची मुळाक्षरे त्याला पुन्हा नव्याने गिरवावी लागतात. उमेशने ती गिरवली. विदर्भाचे कर्णधार प्रीतम गंधे यांच्या नजरेने त्याचा वेग हेरला, २००८-०९ च्या हंगामात तो रणजी खेळला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध रविचंद्रन अश्विनबरोबर त्यालाही कसोटीची टोपी मिळाली. ५७ कसोट्यांत १७० बळी ही त्याची पुढची कमाई. वयोगटांच्या स्पर्धांची जी शिडी आज प्रत्येक असोसिएशनने उभी केली आहे, तिची एकही पायरी न चढता हा गृहस्थ वर पोहोचला, आणि माझ्या मते त्याच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग हाच आहे.

कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील तरुणाचे आयुष्य वलनीच्या त्या मुलाहून फारसे निराळे नाही. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूर येथील खाणींच्या वसाहती तशाच, आणि भरतीचा ध्यासही तोच. गडचिरोली-चामोर्शी रस्त्यावर हिवाळ्याच्या पहाटे, धुके विरले नसताना, पोलीस भरतीची १६०० मीटरची धाव वेळेत बसावी म्हणून पोरे घड्याळ लावून धावत असतात, आणि त्यांतलीच काही दुपारी बांधीत चेंडू टाकताना दिसतात. धानाची कापणी उरकली, की शेजारशेजारच्या दोन-तीन बांध्यांमधला धुरा फोडून मैदान केले जाते. धसकटे उपटून, मधल्या पट्ट्यावर पाणी मारून तो धुमसाने ठोकतात, वेळूच्या तीन काठ्या रोवतात, सीमारेषेवर चुन्याची फक्की ओढतात. भोंग्यावर समालोचन चालते, बक्षिसाची रक्कम कोणी दिली हे दर षटकागणिक पुकारले जाते, आणि एखादा सडपातळ मुलगा अनवाणी पायांनी बांधीच्या टोकापासून धावत येऊन असा चेंडू टाकतो, की मधली काठी मुळासकट उपटून मागे पडते. तो चेंडू पाहणाऱ्यांत निवड समितीचा माणूस नसतो.

प्रतिभेचा तुटवडा विदर्भात नाही, याची साक्ष रणजीने दिलेलीच आहे. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नमवून पहिले अजिंक्यपद मिळवले, तेही इंदूरच्या होळकर मैदानावर, म्हणजे ज्या होळकर संस्थानासाठी नायडू खेळले त्याच नगरीत. अंतिम सामन्यात हॅटट्रिक साधणारा रजनीश गुरबाणी हा शिक्षणाने स्थापत्य अभियंता. पुढच्या हंगामात पुन्हा करंडक आला, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. फैजचे स्वतःचे आंतरराष्ट्रीय पदार्पण मात्र तिसाव्या वर्षी, जून २०१६ मध्ये हरारे येथे झाले. त्याने नाबाद ५५ धावा केल्या, भारत दहा गडी राखून जिंकला, आणि पुन्हा त्याला बोलावणे आले नाही. ग्रॅहमच्या पंक्तीत बसणारे हे नाव आपल्या घरचे आहे. कर्तबगारीला तोटा नसताना एकाच सामन्यावर समाधान मानावे लागलेला हा मानी फलंदाज मला फार जवळचा वाटतो.

सोळा, एकोणीस आणि तेवीस वर्षांखालील अशी जी वयाची दारे असोसिएशनांनी बांधली आहेत, ती शहरातल्या मुलाला सोयीची आहेत. त्याला दहाव्या वर्षीच पांढरा पोशाख, प्रशिक्षक आणि हिरवळीची खेळपट्टी मिळते. सिरोंच्याच्या मुलाला चाचणीसाठी नागपूर गाठायचे तर तीनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो, आणि चामड्याचा चेंडू त्याच्या हाती येईस्तोवर पहिली दोन दारे बंद झालेली असतात. म्हणून असोसिएशनच्या धुरीणांकडे माझी दरखास्त आहे, की धान घरात आल्यानंतरच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, केवळ वेगवान गोलंदाजांसाठी वयाची अट शिथिल करून चंद्रपूर, वडसा आणि अहेरी येथे दरवर्षी खुल्या चाचण्या घ्याव्यात. आणि ज्याच्याकडे बूट नसतील त्याला ते तेथेच द्यावेत.