दार आपटतंय? आधी योग्य स्क्रू ओळखा

दवाखान्याचं किंवा ऑफिसचं दार धाडकन आपटायला लागलं की हमखास दोन सल्ले मिळतात: क्लोजर बदला, नाहीतर चौकटीला रबर चिकटवा. पण क्लोजरमधून तेल गळत नसेल, तर बहुतेक वेळा स्क्रूचा पाव फेराही पुरतो. दार आपटण्याचा त्रास सर्वांत जास्त लहान मुलांच्या बोटांना आणि काठी टेकत येणाऱ्या माणसांना होतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

‘स्क्रू पिळला की क्लोजरची ताकद वाढते.’
दार ओढते ती आतली स्प्रिंग. दार उघडताना आपण लावलेला जोर तिच्यात साठतो आणि तोच दार मिटवतो. तेल फक्त वेगाला आवर घालतं. पिस्टनच्या एका बाजूचं तेल अरुंद वाटेने दुसऱ्या बाजूला जातं आणि वेगाचा स्क्रू ही वाट लहान-मोठी करतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की वाट आवळते, दार सावकाश मिटतं. उलट फिरवला की वेग वाढतो. स्प्रिंगचा जोर बदलण्याची सोय असलीच, तर ती वेगळ्या जागी असते.

‘वेग एकच, म्हणून स्क्रूही एकच.’
सगळी गडबड इथेच होते. बहुतेक क्लोजरवर दोन स्क्रू असतात. एक दाराचा मोठा प्रवास सांभाळतो. दुसरा चौकटीजवळचे शेवटचे काही अंश, जिथे लॅच अडकायला हवा. दार संथपणे येऊन शेवटी आपटत असेल तर दुसरा स्क्रू किंचित आवळा. नीट येऊन बोटभर फटीवर थांबत असेल तर तोच किंचित सैल करा. पहिल्याला हात लावायचा तो सगळी फेरीच भरधाव किंवा रखडत होत असेल तेव्हाच. एका वेळी एकच स्क्रू, तोही आठव्या हिश्श्याने फिरवावा आणि दर वेळी दार पूर्ण उघडून सोडून पाहावं. किती सावकाश हवं, याला अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या प्रवेशयोग्यता मानकांचा आधार घेता येतो: 90 अंशांवरून 12 अंशांपर्यंत यायला दाराने किमान 5 सेकंद घ्यावेत. आपल्याकडच्या दवाखान्यांनीही एवढा वेळ द्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

‘फरक पडत नसेल तर स्क्रू आणखी सैल करा.’
अजिबात नको. स्क्रू पूर्ण बाहेर आला तर दाबाखालचं तेल उडतं आणि क्लोजर कामातून जातो.

‘तेल गळलं तर पुन्हा भरता येतं.’
सर्वसाधारण क्लोजर बंदिस्त असतो. तेल गळतंय म्हणजे सील गेलं आहे. अशा वेळी नवा बसवणंच योग्य.

‘दार अडतंय, म्हणजे क्लोजरच बिघडला.’
क्लोजरचा हात सोडवून दार हाताने फिरवून पाहा. तरीही ते अडलं तर दोष बिजागरीत, फुगलेल्या लाकडात किंवा लॅचच्या पट्टीत आहे. मोकळं फिरलं, तरच स्क्रूकडे वळा. ऊनही लक्षात घ्यावं: उष्णतेने तेल पातळ होतं, थंडीत घट्ट. त्यामुळे उन्हात असलेलं दार विदर्भात जानेवारीत नीट मिटत असलं, तरी मे महिन्यात आपटू शकतं.

‘क्लोजरचा त्रास नको, दाराला वीट लावून ठेवू.’
जिन्याच्या अग्निरोधक दाराबाबत हे धोकादायक आहे. आग लागल्यावर धूर जिन्यात शिरू नये म्हणून ते दार आपोआप मिटून लॅच व्हायला हवं. लोक वीट लावतात, कारण दार जड वाटतं किंवा आपटतं. म्हणून सोसायटीने आधी वेग नीट करावा, मग वीट उचलावी, आणि दार सोडल्यावर लॅच अडकल्याचा आवाज येतो का, हे प्रत्येक मजल्यावर तपासावं.